भामाआजीचा पाय

"पायालू हाय गो माजी भामा. तिला पावसात लावनीला नको धाडू, वीज परल तिच्यावर."

भामाच्या आईचा हा आवाज साठ वर्षांपूर्वी कोन गावाने ऐकला, तो अजून गावाच्या कानातून गेलेला नाही. जो पायांकडून जन्मला तो पायाळू. त्याची लाथ लागली की पाठीत भरलेली उसण पळते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हापासून भामाच्या ओटीवर गाव पालथं पडत आलं. भात लावताना बाया म्हणायच्या,

पायालूचा पाय गो
लागला पाठीला,
उसन चालली बाय
पनवेलच्या हाटाला.

भामाआजीची नात स्नेहल जनावरांची डॉक्टर झाली. वर कायरोप्रॅक्टिक शिकली, म्हणजे कुत्र्यामांजरांचे आखडलेले मणके हातांनी मोकळे करायचे, आणि नवीन पनवेलला तिने दवाखाना थाटला. गावातून पहिला आला दयाराम. निवडणूक हरल्यावर त्याने कुत्र्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. बुटक्या, लांबोडक्या सरपंचाने सोफ्यावरून उडी मारली आणि पाठ धरून बसला. स्नेहलने एक्स-रे काढला, औषध दिलं, मग चार वेळा बोलावून बोटांच्या टोकांनी, पोळीची घडी उलगडावी तसा कणा हलका केला. शेपूट हलायला लागलं. मागचा एक पाय मात्र अजून फरपटत होता.

रविवारी दयाराम सरपंचाला काखेत मारून थेट ओटीवर आला. मागे पाच-सहा जण, गंमत बघायला.

"काकी, तुजी नात नुसती गोंजारते त्याला. तू एक लाथ घाल नि मोकला कर."

"काका, सूज आहे अजून," स्नेहल म्हणाली. "भलत्या जागी जोर पडला तर मागचे दोन्ही पाय जातील. तीन आठवडे द्या मला."

"तीन आठवडे? तुजी आजी तीन मिंटात ट्रकवाल्याला उभा करते. मंग तू शिकलीस काय?"

ओटी हसली. स्नेहलने मान खाली घातली. आज लाथेने सरपंच चालला तर गावातलं मांजरसुद्धा तिच्या दवाखान्याकडे फिरकणार नव्हतं. नाही चालला तर बिचारा जन्माचा बसणार होता.

"आज नको," भामाआजी म्हणाली. "आज अमावास्या हाय."

"उद्या येतो."

"उद्या माजा गुडघा दुकल."

"उद्याचं दुकनं तुला आजच कललं?" दयारामने सरपंचाला तिच्या पायाशी पालथं निजवलं. "का नातीचा धंदा बुरंल म्हनून नाय बोलतेस?"

आजीने लुगडं आवरलं, पाय उचलला. सरपंच वर मान करून तिचा अंगठा चाटू लागला. पाय हवेत तसाच राहिला, आणि मग हळूच बाजूला, जमिनीवर टेकला.

"पोरीकडंच ने याला," ती म्हणाली. "तिला येतं. मला काय बी येत नाय."

"काकी, मस्करी नको."

"मी पायालू नाय रं. चार लोकांसारकी डोक्यानंच आलंय. लावनीच्या चिकलात जलवांना भ्यायची मी, रडून गाव गोला करायची. म्हनून आय खोटं बोलली, नि मी गप रायली."