आक्कांची कुंभारीण

विहिणीच्या घरात पाऊल टाकलं की बायका आधी विहिणीच्या तोंडाकडं बघतात. पारूबाईंनी आधी आढ्याकडं बघितलं. गेली आठ वर्षं त्यांना ही खोडच लागली होती. देवळात गेल्या तरी देवाच्या आधी छताचे कोपरे.

"या विहीणबाई! वर काय बघतासा? जळमटं न्हाईत आमच्यात," आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे रूपालीची सासू. सगळं कबनूर त्यांना आक्काच म्हणायचं. बाई मोठ्यानं बोलणारी, कारण घराला लागूनच यंत्रमागांची शेड. खडखडाटात हळू बोलणाऱ्याला या घरात पाणीसुद्धा मिळत नसे.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. लेकीचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण उरकून तिला बाळंतपणाला मलकापूरला न्यायची, म्हणून पारूबाई ओटीचं सामान घेऊन पहाटेच्या एस्टीनं आल्या होत्या. पिशवीत खणानारळाच्या खाली एक काचेची बाटली होती. ती कुणाला दाखवायची नव्हती.

बाटलीत मेलेल्या माश्या होत्या.

रूपाली दहावीत असताना वैरणीच्या पेंढीत तिनं हात घातला आणि गांधीलमाशी चावली. एकच. पारूबाई चुना शोधेपर्यंत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून ती हाताला लागली. ते म्हणाले, "या वेळेला वेळेत आणलीत. परत गांधील चावली तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही."

चौथी शिकलेल्या पारूबाईंनी त्या दिवसापासून नवीन शाळा सुरू केली. मेलेलं जे पिवळं-काळं सापडेल ते बाटलीत घालायचं, नि चष्मा लावून बघायचं. मधमाशी केसाळ, तिचा काटा कातडीत राहतो. गांधिलीची कंबर दोऱ्याएवढी, पंख चार, पण बसली की घडी करून अंगाशी ठेवते. उडताना पाय खाली लोंबतात. कुंभारीण तिच्याच नात्यातली, पण स्वभावानं गरीब. एकटीच येते आणि मातीचं घर लिंपते. आणि एक माशी तर नुसतीच सोंगाडी. गांधिलीचं लुगडं नेसलेली, आत घरातली साधी माशी. डोळे मोठाले, मिशा आखूड, पंख दोनच, नांगी नाहीच.

सोयरीक जुळवताना मात्र त्यांनी हे सगळं गिळलं. 'पोरीत खोट हाय' म्हणतील, ठरलेलं मोडेल. रूपालीलाही बजावलं, "नवऱ्याला, पृथ्वीराजला बी बोलायचं न्हाय." पोरीनं ऐकलं. लग्नाला दीड वर्ष झालं, आणि या दीड वर्षात पारूबाईंना एकही रात्र सलग झोप लागली नव्हती, ते कुणाला सांगायचं?

माजघरात झोपाळा टांगला होता. साखळ्यांना झेंडूच्या माळा, मधल्या तुळईला कापडी झालर. शेजारणी सतरंजीवर बसल्या होत्या.

"एक गंमत दावतो तुमास्नी," आक्कांनी पारूबाईंचा दंड धरून झालरीखाली उभं केलं. "महिना झाला, कुंभारणीनं घर केलंय. घरात पाळणा हलायचा शकुन! दिवाळीचा रंग दिला, पर ही तुळई सोडायला लावली मी. पृथ्वीराज काठी घिऊन आलता, त्याला हाकलला."

पारूबाईंनी वर बघितलं. झालरीच्या आडोशाला, साखळीच्या कडीपासून वीतभर अंतरावर, एका बारीक देठाला राखाडी कागदासारखं काहीतरी लोंबत होतं. उघडी भोकं. मातीचा कण नाही. आणि त्यावर एक नाही, दहा-बारा जणी.

बघता बघता कानात मागांची खडखड तेवढी उरली.

"आक्का, घर जवळनं बघितलंय तुम्ही?"

"एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पिकतोय. पर कंबर बारीक दिसली की! कुंभारीणच ती."

तेवढ्यात रूपाली आली. हिरवी साडी, गळ्यात फुलांचा हार, वेणीवर शेवंती. आईला बघून हसली, आणि आईचं तोंड बघून हसू तसंच अर्धं राहिलं.

"झोपाळा ऱ्हाऊ द्या," पारूबाई घाईनं म्हणाल्या. "पाटावर बसवूया. बाहेर सोप्यात. तिला झोका सोसत न्हाय."

"का? आमच्या झोपाळ्याला काय झालंय?" आक्कांचा आवाज मागांच्या वर गेला. "कडी नवी, साखळ्या नव्या. बस ग रूपाली."

रूपाली बसली. पारूबाईंच्या जिभेवर गोष्ट आली नि परत गेली. वीस बायकांसमोर? सांगितलं तर आज डोहाळजेवण, उद्या काय?

गाणं सुरू झालं. आक्कांनी पहिला झोका दिला. तुळई कुरकुरली. वरच्या दहा-बारा जणींनी एकदम पंख उचलले, आणि तशाच थांबल्या.

दुसरा झोका.

तेवढ्यात रूपालीच्या हारावर काहीतरी पिवळं-काळं हवेतच येऊन थांबलं. शेजारची विठाबाई ओरडली, "अगं बया, गांधील!" आणि तिनं टॉवेल उगारला.

"हात खाली घे!" पारूबाई अशा ओरडल्या की गाणं तुटलं. "माशी हाय ती. साधी माशी. डोळं बघ केवढं. एका जागी तरंगती बघ. गांधिलीला तसं जमत न्हाय. टॉवेल हलवू नगंस."

ती सोंगाडी माशी झेंडूवर टेकली, पुढचे पाय चोळले आणि निघून गेली. बायका हसल्या. विठाबाई म्हणाली, "विहीणबाई माश्यांच्या मास्तरीण हैत व्हय!"

आक्कांचा हात तिसऱ्या झोक्याला उठला. पारूबाईंनी पुढं होऊन साखळी धरली.

हसणं थांबलं. मुलीच्या आईनं सासूचा झोका अडवला होता.

"विहीणबाई, साखळी सोडा."

"आक्का, वरती कुंभारीण न्हाय. गांधिलीचं पोळं हाय ते. मातीचं न्हाय, कागदावानी हाय."

"शकुनाला नाट लावतासा? एवढीशी माशी, चावली तर चावली. चुना लावायचा."

"रूपालीला चावली तर ती मरंल," पारूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शाळेत असताना चावलीया. मरता मरता वाचली. मी तुमच्यापास्नं लपवलं. तिला बी बोलू दिलं न्हाय. दोष माझा हाय, काय बोलायचं ते मागनं बोला. आता तिला उठवा. सावकाश."

आक्कांनी सुनेकडं बघितलं. रूपाली खाली मान घालून बसली होती, दोन्ही हात पोटावर. त्या हातांवरूनच आक्कांना कळलं.

"कुणी हलायचं न्हाय," आक्का म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात त्या हळू बोलल्या असतील. "ऊठ बाळ. माझा हात धर."

रूपाली उठली. झोपाळा हलका झाला, कडी वाजली आणि वरून एक जण सुटली. पाय लोंबत, सरळ शेवंतीच्या वासावर आली. रूपालीच्या वेणीवर बसली आणि पंखांची घडी घालून मानेकडं चालायला लागली.

पारूबाईंनी बघितलं: लांब मिशा, दोऱ्याएवढी कंबर. या वेळेला शंका नव्हती. झटकली तर ती मानेवरच नांगी मारणार. त्यांनी तळहात पुढं केला, शेवंतीच्या दोन फुलांसकट तिला मुठीत घेतलं आणि मूठ आवळली.

तिनं एकदा मारली, मग परत. पारूबाईंनी ओठ दातांत धरले.

"चल पुढं. मागं बघू नगंस," त्या लेकीला म्हणाल्या.

आक्का एका बाजूनं, पारूबाई दुसऱ्या बाजूनं. अशा तिघी उंबरा ओलांडून रस्त्यापर्यंत आल्या. बायका पाठोपाठ निघाल्या. आक्कांनी मागं जाऊन माजघराचं दार ओढून कडी घातली, तेव्हा कुठं पारूबाईंनी मूठ उघडली. चुरडलेली गांधील फुलांसकट खाली पडली.

आक्कांनी त्यांच्या हातावर चुना थापला. जरा जास्तच जोरात थापला.

"आनी काय लपवलंय?"

"काय न्हाय."

"नक्की?"

"तिला भाकरी नीट थापता येत न्हाय."

"ते पहिल्या दिवशी कळलंय," आक्का म्हणाल्या. मग चुन्याचं बोट पदराला पुसत म्हणाल्या, "दीड वर्स झालं, विहीणबाई. महिनाभर त्या पोळ्याखालनं ही पोरगी जातीया-येतीया. मी वर हात जोडत हुतो, आनी ही गप. तुमी बोलला असता तर..."  त्यांचे डोळे भरले, एक मोतीबिंदूचा, एक पिकणारा.

 पारूबाईंचा हात मनगटापर्यंत सुजला होता.

डोहाळजेवण शेजारच्या अंगणात पाटावर झालं. पृथ्वीराज मागावरचं कोरं मळकापड अंगाला गुंडाळून पोळ्याकडं निघाला होता, त्याला पारूबाईंनी थांबवलं. "दिवसा न्हाय. जाणता माणूस बघा. आनी रूपाली या घरात न्हाय तवा."

संध्याकाळच्या एस्टीला आक्का सोडायला आल्या. मायलेकी गाडीत बसल्या, तसा त्यांनी खिडकीतून हात पुढं केला.

"ती बाटली द्या."

"कसली?"

"रूपालीनं सांगितलं मला. द्या हिकडं. बाळ घिऊन ती परत येणार हाय. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो आनी सगळं घर बघून ठेवतो."

पारूबाईंनी सुजलेल्या हातानं पिशवी चाचपली. खिडकीतून बाटली दिली. गाडी हलली तरी आक्का तिथंच उभ्या होत्या, बाटली बऱ्या डोळ्याजवळ धरून, ओठ हलवत. पंख मोजत असाव्यात.