सासूबाईंचं शून्य

सहाशे चाळीस जणांच्या वर्गाचे प्रोग्राम तपासायला माणूस नव्हता, यंत्र होतं. प्रोग्राम पाठवला की अर्ध्या मिनिटात हिरवं नाहीतर लाल. कशानेच समाधान होत नाही म्हणून मुलं त्याला सासूबाई म्हणत.

वर्गातल्या एकीला मुलं सिस्टर म्हणत, कारण ती इस्पितळातली नर्सची नोकरी सोडून शिकायला आली होती. काल मुदत संपता संपता तिने गृहपाठ पाठवला आणि लाल आलं. हा गृहपाठ गेला की विषय गेला, आणि विषय गेला की वर्ष.

प्रश्न साधा होता. वॉर्डातल्या रुग्णांच्या तापाची सरासरी छापा; वॉर्ड रिकामा असेल तर 'नोंद नाही' छापा. तिने तसंच केलं होतं. सासूबाईंना मात्र तिथे शून्य हवं होतं. बाकीच्यांनी दहा-दहा वेळा पाठवून सासूबाईंच्या पोटातलं उत्तर काढून घेतलं होतं.

"सहाशे जणांना जमलं," आज ती खोलीत येताच विषयाचे सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "तुलाच बरं जमलं नाही?"

"त्यांनी प्रश्न वाचला नाही, सर."

"आणि तू एकटी विदुषी!"

"ताप शून्य म्हणजे बर्फाची लादी. तक्त्यावर असं लिहिलं असतं, तर मेट्रननं मला हाकललं असतं."

"हे इस्पितळ नाही."

"प्रश्न तुम्हीच इस्पितळावर काढलाय."

सरांनी प्रश्नाचं पान उघडलं. वाचलं. मग खाडखाड टाइप केलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. "दाखव, कुठे लिहिलंय 'नोंद नाही'?"

तिथे आता 'शून्य छापा' असं होतं.

"आत्ता बदललंत तुम्ही. माझ्यासमोर."

"तुझ्या एका ओळीसाठी मी सहाशे जणांचं पुन्हा तपासत बसू? नीघ."

तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. डॉक्टरांची तोंडी सूचना कधी मानायची नाही, ही वॉर्डातली सवय. प्रश्न आला त्याच दिवशी तिने तो छापून घेतला होता. खाली तारीख होती. 'नोंद नाही'खाली लाल रेघ.

सरांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"तुमच्यासाठी नाही आणला." तिने घडी घातली. "समोर विभागप्रमुख बाई बसतात. त्या वाचतात म्हणे."

तिने समोरचं दार ठोठावलं. मागे खुर्ची करकरली.

"अगं ए, थांब जरा! बसून बोलू!"

"या आत," बाई म्हणाल्या.

ती आत गेली.