लवणाऱ्या फळ्यांवरची फरशी

अंबाजी गवंड्याने स्वयंपाकघरात पाय टाकला तशी मांडणीवरची भांडी किणकिणली. प्रशांतच्या जुन्या घराची ती माडी. खाली तुळया, वर फळ्या. मध्यावर टाच आपटली की जमीन लवायची. त्याने खालच्या खोलीतून तुळईत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"साहेब, वाळवीनं पोखरलंय," तो प्रशांतला म्हणाला. "आधी तुळई बदला, मग वर जाड प्लाय ठोकू. असंच लावलं तर टाइल्स आठ दिवसांत तडकतील."

"पुढच्या आठवड्यात लेकीला बघायला पाहुणे येताहेत. आता कुठं घर उकलत बसू? काहीतरी तोड काढ. तीस वर्षांचा कारागीर ना तू?"

ते अंबाजीच्या वर्मी लागलं. त्याने फळ्यांवर लोखंडी जाळी अंथरली, तीन बोटं जाड सिमेंटचा थर दिला आणि त्यावर टाइल्स बसवल्या. सिमेंटची पोती जिना चढवताना त्याच्या मनात तुळई येत होती, पण हात थांबले नाहीत. काम उरकल्यावर प्रशांतची बायको मनीषा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून हसली. "कमाल केलीत हो अंबाजी! भांडी वाजायची थांबली." ते कौतुक ऐकत त्याने हत्यारं पिशवीत भरली.

पाहुणे येऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी पोळ्या लाटताना, तुळई मोडली आणि मनीषा जमिनीसकट खाली गेली. अंबाजी धावत पोचला तेव्हा माणसं पहारी लावत होती. जाळीने अखंड धरलेली सगळी लादी कलंडून पडली होती. एकही टाइल तडकली नव्हती, आणि तिच्याखाली मनीषाचे पाय होते.

उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. पाचव्या दिवशी अंबाजी दवाखान्यात गेला. खाटेशी प्रशांत कुणाला तरी सांगत होता, "जुनं घर. नशीब म्हणायचं, दुसरं काय."

"नशीब नाही, वहिनी," अंबाजी म्हणाला. "तुळई पोकळ होती. साहेबांना मी सांगितलं होतं. आणि तरी एवढं वजन मीच चढवलं."

मनीषाने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

प्रशांत खाटेवरची चादर सारखी करू लागला.

"दोघंही बाहेर जा," ती म्हणाली. "लेकीला आत पाठवा."