घरगुती बोलणं

ताईचं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन ऐकायचे. पण कायद्यात बसवून बरं का, ऊठसूट नाही. वरून सहीचा हुकूम येईल तोच नंबर ऐकायचा. घरगुती बोलणं निघालं तर तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. आणि आपल्याच नातलगाचा आवाज आला तर हेडफोन उतरवून साहेबांना सांगायचं, नाहीतर तुरुंग. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. घरच्यांना वाटे, ताई बिलांच्या विभागात आहे.

संपाच्या पुढाऱ्याचा नंबर ऐकायला तिच्याकडे आला. एके दिवशी त्यावर तिचा धाकटा भाऊच बोलला. सभा कुठे, कोण कोण येणार, सगळं घडाघडा. साहेबांना सांगावं तर दुसरं कुणी ऐकणार आणि भावाला उचलणार. तिने 'घरगुती' म्हणून ते पुसलं. मग पुढचंही पुसलं. एक खोटं पचलं की दुसऱ्याची भूक लागते, दुसरं काय.

रविवारी भाऊ जेवायला आला. वाढता वाढता ताई म्हणाली, "सगळं मऊ शिजवलंय. दाढ दुखतेय ना तुझी?"

झालं. दाढेचं त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलला होता तो फक्त पुढाऱ्याशी, फोनवर.

"मला नाही बोललास ते?" आई म्हणाली.

भाऊ ताईकडे बघत राहिला. "तू बिलंच बघतेस ना गं?" त्याने हळूच विचारलं. ताईने मान खाली घातली. तुझ्यासाठीच करतेय रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढं सांगणंही गुन्हाच. भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या फोनवर त्याचा आवाज आला.

"ताई, ऐकतेयस ना? ऐक पोटभर. पाठच्या भावावर पाळत ठेवतेस, लाज नाही वाटत?"

फोन बंद झाला. ताईला रडू फुटलं. सवयीने तिचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा हात धरला. साहेब होते, दुसरा हेडफोन कानाला लावून. संपाचा पुढारी एवढं घरगुती काय बोलतो, हे त्यांना कधीपासून खटकत होतं.

"राहू द्या ते," साहेब शांतपणे म्हणाले. "आधी सांगा, भाऊ राहतो कुठे?"