धुणं चालू, पूल बंद

मी पुलाला आंघोळ घालते. हसू नका, नोकरीच आहे ती माझी. खाडीवरचा पायी जायचा पूल, गोड्या पाण्याचा पाइप, ब्रश आणि पंधरवड्यातून एक दिवस. सासूबाई नऊ वर्षं एकच टोमणा मारतायत, "घरची भांडी लोळतायत, आणि ही निघाली लोखंडाला न्हाऊ घालायला!"

आमचा पूल गंजलेलाच बरा. म्हणजे पोलादच तसलं आहे. त्याला रंग लावायचा नाही. वर गंज धरतो, आणि तोच गंज साल होऊन आतलं लोखंड राखतो. समुद्रापासून लांब असेल तर सगळं छान. इथे खारा वारा दिवसरात्र. मीठ बसलं, पाणी साचलं की ती साल धरतच नाही. म्हणून धुवायचं. धुऊन वाळलं की मी चिकटपट्टी दाबून ओढते. बारीक भुकटी आली तर ठीक, पापुद्रे आले तर धोका. चौथ्या सांध्यापाशी पाणी तुंबतं, तिथले पापुद्रे माझ्या तळहाताएवढे निघतात.

साहेबांना सहा अर्ज केले: चौथ्या सांध्याला पाणी जायला भोक पाडा. सहाही वेळा एकच उत्तर, "हे पोलाद स्वतःची काळजी स्वतः घेतं." मग मी काय नऊ वर्षं झक मारतेय?

त्यात सासूबाईंची धाकटी बहीण पलीकडच्या दवाखान्यात पडली. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेईना. झालं! रोज सकाळी एका हातात डबा, एका हातात काठी, सासूबाई पुलावर.

"आई, गाड्यांच्या पुलावरून जा ना."

"पाऊण तासाचा वळसा? तोवर डबा गार होईल. आणि तुझाच लाडका पूल ना हा?"

मंगळवारी चौथ्या सांध्यावर त्यांची काठी खचकन आत गेली. मूठ घट्ट धरलेली म्हणून काठी वाचली. मी मागेच होते. ओणवी होऊन पाहिलं, तर पाऊल सहज जाईल एवढं भोक, आणि खाली खाडीचं पाणी.

तशीच साहेबांकडे धावले. त्यांनी फाइल काढली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"चौथा सांधा? तुम्ही तिथेच भोक मागितलं होतं ना?"

"अहो, पाणी जायला मागितलं होतं!"

"मग आता जातंय का पाणी?"

"जातंय, पण..."

त्यांनी सहाही अर्जांवर शिक्के मारले. मागणी पूर्ण. "बघा, मी म्हणत नव्हतो? स्वतःची काळजी स्वतः घेतं."

"पूल बंद करा हो, माणूस जाईल खाली!"

"गंजलाय म्हणून गंजाचा पूल बंद करू? उद्या ओला आहे म्हणून समुद्र बंद करायला सांगाल!"

मी तणतणत बाहेर पडले. पूल बंद करायचा अधिकार साहेबांचा, कबूल. पण नियमावलीत एक ओळ माझीही आहे: धुणं चालू असेपर्यंत ये-जा बंद, आणि धुणं संपलं की नाही हे धुणाऱ्याने ठरवायचं. बुधवारी उजाडताच मी दोन्ही टोकांना पाट्या लावल्या, भोकावर बादली पालथी घातली आणि ब्रश उचलला. आज अठरावा दिवस. धुणं चालू आहे.

पहिल्या दिवशी सासूबाई मला काय काय बोलल्या, ते सांगत नाही. आता तासभर आधी उठतात आणि वळशाने जातात.

आज साहेब स्वतः आले. पाटीपाशी उभे राहून ओरडले, "बाई, पुरे झालं! लोकांचा खोळंबा होतोय!"

"या ना साहेब," मी चौथ्या सांध्यावरून म्हटलं. "इथवर येऊन बघा, झालं म्हणून सही करा. लगेच पाटी काढते."

त्यांनी एक पाय उचलला. पुलाकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. पाय पाटीच्या अलीकडेच खाली ठेवला.

"बूट नवे आहेत माझे," म्हणाले.

तेवढ्यात वळशाला निघालेल्या सासूबाई डबा घेऊन तिथे पोचल्या. साहेबांनी हळूच विचारलं, "आजी, मला पलीकडे जरा काम होतं. वळशाने किती वेळ लागतो?"

"पाऊण तास." त्यांनी डबा साहेबांच्या हातात दिला. "चला, मी तिकडेच निघालेय. सरळ धरा, सांडेल."

चार पावलं गेल्या आणि मागे वळून माझ्यावर ओरडल्या, "आणि तू गं, नीट घास! सावकाश घास!"