माझ्या पोटातले जीव

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे हो! पाण्याच्या टाकीचं काय, आलं तेवढं घ्यायचं आणि मागितलं तेवढं द्यायचं. मी खाते, पचवते आणि गॅस देते. फळांच्या साली, चोथा, उपाहारगृहातलं उरलंसुरलं, काहीही घाला, मला चालतं. वास येतो म्हणून नाकं मुरडणारे खूप पाहिले मी. माझ्या गॅसवरचा चहा पिताना मात्र कुणी नाक मुरडल्याचं आठवत नाही.

माझं माहेर विद्यापीठ आणि सासर फळांच्या रसाचा कारखाना. सोयरीक जुळली तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते! कारखान्यामागे चोथ्याचे ढीग साचत होते. इकडे विद्यापीठातल्या एक संशोधक बाई त्याच चोथ्यापासून काचेच्या बरण्यांत गॅस करून बघत होत्या. बरणीतला गॅस तो केवढा, फुगा भरेल एवढा. मग कारखान्यानं पत्रा आणि जागा दिली, बाईंनी आराखडा दिला आणि विद्यापीठाच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. वेल्डर घाईत होता, त्यामुळे माझी एक शिवण वाकडी आहे. असू दे, गळत तर नाही!

सासरी आले आणि दोन्हीकडच्या मंडळींची रोजची कुरबुर सुरू झाली. कारखान्याचे व्यवस्थापक साहेब विचारायचे, "बाई, गॅस कधी?" बाई म्हणायच्या, "एवढ्यात निष्कर्ष काढता येणार नाही." साहेबांना आज पेरलेलं आजच उगवायला हवं, तर बाईंना उगवलेलंही पुन्हा एकदा उगवून बघायचं असायचं. मी आपली मधल्यामध्ये बसून चोथा खात होते.

आणि होते लख्खकाका. स्वच्छता विभागाचे प्रमुख. खरं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं, ऊठसूट "लख्ख करा, लख्ख!" म्हणून ओरडायचे, म्हणून लख्खकाका. रस पिणाऱ्यांच्या पोटात काही जाऊ नये या काळजीनं हा माणूस कारखानाभर फडकं घेऊन फिरायचा. माझ्याजवळून जाताना रुमाल नाकाला. पण येताजाता माझ्या पत्र्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "काय गं ढेरपोटे, जेवलीस का?" एवढ्या मायेनं मला दुसरं कुणी विचारलं नाही.

यथावकाश गॅस आला. उपाहारगृहातल्या शेगडीवर निळी ज्योत पेटली. पहिला चहा साहेबांनी स्वतः बाईंच्या हातात दिला. मला असं भरून आलं म्हणून सांगू!

मग पाहणी ठरली. कारखान्याचे मालक आणि विद्यापीठाचे कुलगुरू दोघेही येणार होते. ज्योत नीट चालली तर मोठ्या टाक्या बांधायच्या. नाहीतर करार संपला, मी भंगारात आणि बाईंचं काम पुन्हा बरण्यांत.

एवढे मोठे पाहुणे येणार म्हटल्यावर लख्खकाकांना कुठून चैन पडायला? रसाच्या कारखान्याची रीतच अशी, की पाहुणे येण्याआधी प्रत्येक भांडं जंतुनाशकानं धुवायचं. काकांनी सगळी धुतली आणि शेवटी माझ्याकडे आले. "तूच तेवढी पारोशी राहिलीस," म्हणाले आणि माझ्या तोंडात जंतुनाशकाचे कॅन ओतले. अहो काका, थांबा! पण टाकीचा आवाज कुणाला ऐकू येतो?

माझ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. पचवतात ते, मी नुसतं भांडं. ते गेले. पोटातली गुडगुड थांबली आणि शेगडीवरची ज्योत लुकलुकून विझली.

बाई धावत आल्या, नमुना काढून तपासला आणि तिथेच पायरीवर बसल्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, मी तिला आंघोळ घातली हो. पाहुणे येणार म्हणून."

वाटलं, आता बाई तोडून बोलणार. पण बाई म्हणाल्या, "काका, चूक आमची. आम्ही इथे फक्त गॅसचे आकडे दाखवत बसलो. ही जिवंत आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मग आता? हे जीव परत कुठे मिळतील?"

"गोठ्यावरच्या गोबर गॅसच्या खड्ड्यात. तिथला जिवंत रबडा आणून हिच्यात घालावा लागेल. पण ज्योत पाहणीपर्यंत पेटायची नाही."

काका उठलेच. कुणाला पाठवलं नाही, स्वतः गाडीत बसले. परतले ते गुडघ्यापर्यंत रबड्यानं माखून, झाकण निसटू नये म्हणून पिंप दोन्ही हातांनी कवटाळून. रुमाल खिशातच होता. कपड्यांवर डाग दिसला की दिवसभर चिडणारा हा माणूस! मला रडता आलं असतं तर तेव्हा रडले असते.

पाहुणे आले. शेगडी थंड. काका पुढे झाले. "साहेब, हिचा दोष नाही. मी मारलं तिला."

बाई म्हणाल्या, "आम्ही दोघांनी मिळून. आणि दोघं मिळूनच उठवतोय."

मालकांनी विचारलं, "गॅस कधी?"

बाईंनी या वेळी निष्कर्षाचं नाव काढलं नाही. "माहीत नाही," म्हणाल्या.

सगळे व्यवस्थापक साहेबांकडे बघू लागले. आणि आमचे घाईचे साहेब, शपथेवर सांगते, म्हणाले, "आपण थांबू या."

काका रोज थोडं थोडं भरवत राहिले, आजाऱ्याला पेज भरवावी तसं. एका सकाळी पोटात गुडगुडलं. काकांनी कान लावला आणि "बाईऽऽ!" अशी हाक मारली, की रस गाळणारे हातातलं काम टाकून धावले.

आता अंगणात तीन मोठ्या टाक्या उभ्या आहेत. कारखान्याचा बॉयलर त्यांच्यावर चालणार आहे. मी म्हातारी झाले, पत्रा पातळ झाला. विद्यापीठ मला परत नेतंय, मुलांना आतून दाखवायला. आज मला रिकामी करतायत.

झडपेवर काकांचा हात आहे आणि तो वळत नाहीये.

"उघडा ना, काका," बाई म्हणतात. "जीव कुठे जाणार आहेत? पलीकडच्या टाक्यांत."

खरंच उघडा काका. या पोटात तुम्ही जे आणून घातलंत, ते त्या तिघींना द्या. तुम्हा दोघांमुळे मला दोनदा जन्म मिळाला. पत्र्याच्या टाकीनं आणखी काय मागावं? फक्त त्यांच्याही अंगावर थाप मारून विचारत जा, जेवलीस का म्हणून.

बरं, येते मी.