गाठी संपल्या तेव्हा

मित्रांनो, मी एक थकलेलं यकृत आहे. हमरापूरच्या मालूच्या उजव्या बरगड्यांखाली माझं घर. मालू गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. आखायची, म्हणायला हवं.

रोह्याच्या माहेरचे वाल, कांदा, कोकमाचं सार हे तिचं आवडतं जेवण. त्यातल्या रंगद्रव्यांना शाळेत फ्लेव्होनॉइड म्हणतात. आतडं त्यांना चिकटलेली साखर तोडतं, तिथले जंतू उरल्यासुरल्याचे तुकडे करतात आणि सगळं माझ्या दारी येतं. शरीराला ते परकंच! मग मी प्रत्येकाला गाठ मारायचो, साखरेच्या आम्लाची नाहीतर गंधकाची. गाठ बसली की ते पाण्यात विरघळून मूत्रपिंडांवाटे निघून जाई. काही पित्ताबरोबर आतड्यात उतरे, गाठ सोडवून घेई आणि माहेरवाशिणीसारखं पुन्हा दारात हजर! मला त्याचा कधी राग आला नाही.

औषधाच्या गोळ्यांनाही याच गाठी लागतात.

मालूच्या घरची एक रीत होती. डोळ्यांची आखणी चालू असेतो पोटात अन्न घालायचं नाही. उपाशी हातानेच देवाची नजर मूर्तीत उतरते, असं तिची सासू गिरजाबाई सांगायची. यंदा कामाचा डोंगर होता, आखणी दिवसचे दिवस लांबली आणि उपासही. मान आखडली, डोकं ठणकू लागलं. मालूने तापाची गोळी काढली, तेव्हा उपास मोडेल का, अशी गिरजाबाईला शंका आली.

"गोळी म्हंजे काय जेवण नाय गो आई," मालू म्हणाली.

सासूला ते पटलं. मग गोळीवर गोळी. घास नाही, नुसत्या गोळ्या. अहो, गाठी अन्नातूनच होतात! माझं भांडार रिकामं पडलं आणि न बांधलेलं औषध विष होऊन माझ्याच अंगात मुरलं. मला ओरडता येत नाही, हे माझं दुर्दैव.

एका सकाळी गिरजाबाईने मालूचे डोळे पाहिले. हळदीसारखे पिवळे. पेणच्या डॉक्टरांनी सासूला बाजूला नेलं आणि मला वाचवायला फार उशीर झाल्याचं सांगितलं.

मित्रांनो, उपाशीपोटी गोळ्यांवर गोळ्या गिळू नका. घरात कुणी गिळत असेल, तर त्याला आधी जेवू घाला, डॉक्टरांना विचारा. रीत मागाहून पाळता येते.

आज गिरजाबाईने मालूच्या खाटेपाशी वालाचं बिरडं आणलंय. "खा गो बाय," ती म्हणते, "मीच तुला उपाशी बसवली."

दोन घास उतरले. वालांची ती जुनी ओळखीची द्रव्यं माझ्या दारात उभी आहेत आणि माझ्याजवळ एकही गाठ उरलेली नाही. गिरजाबाईला हे कोण सांगणार? ती पुढचा घास कालवते आहे.